तोताराम भिका पाटील (धाकले)

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, बंद पडलेल्या एका आयुर्वेदिक औषधालयाच्या माडीवर, खानदेशच्या व्यक्तिकोशाचं कार्यालय होतं. कपाटं औषधालयाचीच होती. हिरडा, बेहडा, सुंठ अशा पितळी पाट्या लावलेल्या बारक्या खणांत आता माणसं ठेवलेली होती, एका माणसाला एक कार्ड याप्रमाणे. खण ओढला की अजून ओव्याचा वास यायचा.

विशाखा तायडे जळगावहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. होऊन इथं लागली ती १९८८ च्या जूनमध्ये. पंडितनाना, म्हणजे कोशाचे संपादक, निवृत्त भूगोल शिक्षक होते आणि चौदा वर्षं त्यांनी या कामात घातली होती. कोश त्यांनी आडनावांनी न लावता पहिल्या नावांनी लावला होता; आडनावांनी लावला असता तर अर्धा कोश पाटलांचाच झाला असता. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यापुढे एक खण रिकामा केला. नऊ कार्डं, आणि नऊच्या नऊ कार्डांवर ‘यादव पाटील’. यातला नेमका एक हवा असेल तर कसा शोधशील, असं त्यांनी विचारलं. विशाखा म्हणाली, प्रयोगशाळेत एकाच लेबलाच्या दोन बाटल्या कधी ठेवत नाहीत. आत काय आहे, किती तीव्रतेचं आहे, कधी भरलं, हे लिहिल्याशिवाय बाटली फळीवर जातच नाही. नानांनी मान हलवली आणि नियमांचा कागद तिच्या हातात दिला. नाव सारखं असेल तर कंसात गाव. गावही सारखं असेल तर व्यवसाय. तोही सारखा निघाला तर जन्मसाल. आणि ज्याला लोक जास्त शोधतील त्याचं नाव बिनकंसाचं.

तिला हे काम मनापासून आवडलं. तीन महिन्यांत तिनं चारशेच्या वर कार्डं अशी सुटी केली. खालच्या मजल्यावर छापखाना होता. तिथला खिळे जुळवणारा छगन एकदा वर येऊन सांगून गेला, “तायडेबाई, तुमच्यापायी माझ्या खिळ्यांच्या केसमधले कंस संपत आले. थोडी माणसं कंसाबाहेर ऱ्हाऊ द्या.”

भालखेड्याची नोंद तिच्याकडे आली ती नोव्हेंबरात. भालखेडं एरंडोलच्या अलीकडे, फाट्यावरून अर्धा तास चालत. तिथल्या शाळेवर नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांनी कोशाची प्रश्नावली भरून पाठवली होती. तोताराम भिका पाटील नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या अंगणात तांब्याचं नळकांडं ठेवून १९१९ पासून १९८३ पर्यंत रोजचा पाऊस मोजला होता आणि वह्यांत लिहून ठेवला होता. एका माणसानं, सरकारी पगाराशिवाय, सलग चौसष्ट वर्षं. विशाखानं ती प्रश्नावली दोनदा वाचली. शास्त्र शिकलेल्या कुणालाही अशा माणसापुढे हात जोडावेसे वाटले असते.

दर शनिवारी ती जळगावला घरी जायचीच. त्या शनिवारी वाटेत उतरली.

घरात एक चाळिशीची बाई होती, वच्छलाबाई. मास्तरांनी ओळख करून दिली आणि ते शाळेत गेले. भिंतीवर तालुका लोकल बोर्डाचं १९३७ सालचं प्रशस्तिपत्र काचेत लावलेलं होतं. त्यावर तोताराम भिका पाटील हे नाव आणि जन्मसाल १८९८. विशाखानं ते उतरवून घेतलं. तोताराम भिका पाटील तुमच्याच घरचे ना, असं विचारलं. वच्छलाबाईंनी पदर पुढे ओढून होकार दिला. पाऊस तेच लिहायचे? हो. वारले कधी? पाच वर्षं झाली. कोनाड्यातल्या वह्या काढून त्यांनी समोर ठेवल्या. विशाखानं पहिली आणि शेवटची वही उघडून बघितली. दोन्हींच्या माथ्यावर तेच नाव होतं. साडेतीनची गाडी फाट्यावर गाठायची होती. ती लगबगीनं उठली. वच्छलाबाई काहीतरी सांगू बघत होत्या, असं तिला नंतर वाटत राहिलं. पण तेव्हा ती चप्पल शोधत होती.

नोंद छान उतरली. नानांनी ती दोनदा वाचून काढली आणि एकही शब्द बदलला नाही. ‘तोताराम भिका पाटील. १८९८–१९८३. पर्जन्यमापक.’ दुसरा कुणी त्या नावाचा खणात नव्हता, त्यामुळे कंसाची गरज पडली नाही.

पुढच्या जूनमध्ये छापील मुद्रितं माहिती देणाऱ्यांना तपासायला गेली. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर मजकूर बरोबर आहे असं समजायचं, असा रिवाज होता. भालखेड्याहून उत्तर आलं नाही. मास्तर सुट्टीवर होते. मग जुलैच्या शेवटी एक दिवस जिन्यावर पावलं वाजली आणि वच्छलाबाई दारात उभ्या राहिल्या. लुगड्याचा काठ पोटऱ्यांपर्यंत भिजलेला. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घडी घालून मऊ झालेलं ते मुद्रित.

विशाखानं त्यांना खुर्ची दिली, पण त्या जमिनीवरच बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी कागद उलगडून फरशीवर ठेवला आणि बोट ठेवलं ते बरोब्बर सालांवर. वाचता येत नव्हतं, पण जागा पाठ केलेली होती.

“मास्तरनी शाळाना ओट्यावर वाची दाखाडं,” त्या म्हणाल्या. “बठ्ठा गाव व्हता. पंच्याऐंशी वरीस लिखेल शे म्हणे. सदतीसना व्हतात त्या. सदतीस.”

विशाखाला काही क्षण काहीच उमगलं नाही. मग हळूहळू, प्रश्नामागून प्रश्न विचारत, तिनं सगळं बाहेर काढलं. प्रशस्तिपत्रावरचे तोताराम भिका हे वच्छलाबाईंचे आजेसासरे. ते १९४५ साली वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाला, भिकाला, मुलगा झाला, आणि रीतीप्रमाणे त्याला आजोबांचं नाव ठेवलं. तो दुसरा तोताराम भिका. तो वच्छलाबाईंचा नवरा. गावात यावरून कधी कुणाचा घोटाळा झाला नाही. एकाला मोठे म्हणायचे, दुसऱ्याला धाकले. मास्तर तेवढे नवे होते.

मग मी विचारलं तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत, असं विशाखाच्या अगदी ओठावर आलं. आणि तिथंच ते थांबलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. आजेसासऱ्याचंही घेत नाही. इथं दोघांचं नाव एकच, त्यामुळे त्या बाईच्या तोंडून ते नाव कोणत्याही वाटेनं बाहेर पडणं शक्य नव्हतं. तुमच्याच घरचे ना, याला त्या होच म्हणणार. पाऊस तेच लिहायचे, यालाही हो. विशाखाच्या स्वतःच्या आईनं बावीस वर्षांत कधी वडिलांचं नाव उच्चारलेलं तिनं ऐकलं नव्हतं. बुद्धविहारातल्या सभेत पावती फाडतानाही आई नाव सांगायला विशाखालाच पुढे करायची. हे सगळं माहीत असून तिनं त्या बाईचा नुसता होकार घेतला होता आणि गाडी पकडली होती.

वच्छलाबाई सांगत होत्या की आता पाणवठ्यावर बायका हसतात. ‘म्हातारानी बायको’, म्हाताऱ्याची बायको, म्हणतात. एकीनं तर विचारलं, तुझं लग्न लागलं तेव्हा नवरदेवाला दात होते का. हे त्यांनी रागानं सांगितलं नाही. घडलं ते सांगावं तसं सांगितलं. 

“पंच्याऐंशी वरीस जगतात तं मी आठे कशाले येती?” त्या म्हणाल्या. “त्यास्नं सदतीस शे, तेवढंच लिखा. दुसरं कोणनं घालू नका त्यामा.”

विशाखानं शब्द दिला.

खाली जाऊन तिनं छगनला विचारलं. ‘त’चा फर्मा आदल्या आठवड्यातच छापून झाला होता, खिळेसुद्धा सोडवून परत केसच्या घरांत टाकलेले होते. “माणूस परत जुळवता येईल,” छगन म्हणाला, “पण कागद कुठून आणू? त्याच थप्पीचा कागद आता येत नाही.” तो या वेळी थट्टा करत नव्हता.

नानांना सांगण्याआधी तिनं वह्या नीट बघायच्या ठरवल्या. त्या शनिवारी ती पुन्हा भालखेड्याला उतरली आणि या वेळी संध्याकाळच्या गाडीपर्यंत ओट्यावर बसली. एकूण सहा वह्या. मोठ्या तोतारामांचं अक्षर ठसठशीत, पाऊस इंचांत, पावकी-निमकीच्या खुणांसकट. १९४५ च्या पावसाळ्यात ते अक्षर थांबत होतं. तिथून पुढे आकडे चालू होते, पण हात वेगळा. नाव मात्र तेच, आणि ते लिहिलेलं नव्हतं, काढलेलं होतं. आधी सबंध शिरोरेषा ओढून मग तिला एकेक अक्षर टांगावं तसं. हे भिका. त्यांना आकडे येत होते, अक्षरं येत नव्हती. दर सालच्या पहिल्या पानावर ते वडिलांनी लिहिलेला मथळा बघून बघून उतरवत गेले. पंधरा वर्षं. स्वतःचं नाव लिहायचं त्यांच्या मनातही आलं नसावं, किंवा ते लिहिता येत नसावं. १९६० पासून तिसरा हात. बारीक, उजवीकडे कलणारा, मिलिमीटरमध्ये, दशांशासकट. चौदा वर्षांच्या मुलानं माथ्यावर तोताराम भिका पाटील असं लिहिलं होतं, आणि ते त्याचं स्वतःचंच नाव होतं.

विशाखानं वहीत मांडलं. सव्वीस वर्षं, पंधरा वर्षं, तेवीस वर्षं. एका नावाखाली तीन माणसं. दोन कार्डांवर एकच नाव असलं की खण उघडताच दिसतं, ते तिला माहीत होतं. पण एकाच कार्डाखाली तीन माणसं असली तर ते कार्ड तक्रार करत नाही. ते इतर कार्डांसारखंच, किंबहुना जरा जास्तच रुबाबात उभं असतं. नियमांच्या कागदावर याला नियम नव्हता.

सहाव्या वहीत १९८३ चा ऑगस्ट संपत आला आणि आकडे थांबले. त्यापुढच्या पानांवर नुसत्या उभ्या रेघा होत्या. पेन्सिलीच्या, निरनिराळ्या लांबीच्या, पानामागून पान. तिला वाटलं कुणा लेकरानं रेघोट्या मारल्या असाव्यात. तिनं वच्छलाबाईंना विचारलं.

वच्छलाबाईंनी अंगणातून बांबूची पट्टी आणून दाखवली. नळकांड्यात बुडवून पाणी मोजायची ती पट्टी. धाकल्यांना त्या पावसाळ्यात कावीळ झाली आणि ते अकरा दिवस खाटेवर होते. उठवत नव्हतं, पण पाऊस लिहिल्याशिवाय राहवतही नव्हतं. मग सकाळी वच्छलाबाई पट्टी बुडवायच्या. आकडे वाचता येत नव्हते, म्हणून ओल जिथवर आली असेल तिथं अंगठ्याचं नख दाबून धरायच्या आणि तशीच पट्टी खाटेपाशी न्यायच्या. ते नखाजवळचा आकडा बघून लिहायचे. बाराव्या दिवशी पहाटे ते गेले. दुपारी पुरुष माणसं त्यांना घेऊन नदीकडे गेली तेव्हा आभाळ गळतच होतं. वच्छलाबाई सवयीनं अंगणात गेल्या, पट्टी बुडवली, नख दाबलं आणि आत आल्या. खाट उभी करून भिंतीला लावलेली होती.

“मंग काय करती,” त्या म्हणाल्या. “नख तं दाबेल व्हतं.”

त्यांनी वही उघडून पट्टी पानावर ठेवली आणि नखापर्यंत रेघ ओढली. तेव्हापासून दर पावसाच्या सकाळी तसंच. त्या दिवसाची रेघ पानाच्या वरच्या कोपऱ्यात होती. विशाखानं कंपासपेटीतली पट्टी काढून ती मोजली. तेवीस मिलिमीटर. नळकांडं सरळ बाजूंचं असल्यानं रेघेची लांबी म्हणजेच पाऊस होता. कसलंही गणित नको होतं. सहा पावसाळ्यांचा पाऊस, होता तेवढ्याच मापाचा, त्या पानांवर उभा होता.

तिनं चौथं कार्ड काढलं आणि पूर्ण नाव विचारलं. वच्छलाबाई, त्या म्हणाल्या. मग मधे एक श्वासभर थांबल्या, आणि म्हणाल्या, पाटील. मधलं नाव विशाखानं स्वतःच भरलं.

सोमवारी तिनं चारही कार्डं पंडितनानांपुढे ठेवली आणि चूक माझी आहे, असं सांगितलं. नानांनी चष्मा पुसला आणि एकेक कार्ड वाचलं.

“समितीनं ही नोंद का घेतली, ठाऊक आहे ना तुला?” ते म्हणाले. “एका माणसाची चौसष्ट वर्षं, म्हणून. सव्वीस, पंधरा, तेवीस आणि सहा असे तुकडे घेऊन गेलो तर त्यातला एकही तिथं टिकायचा नाही. सुटे केलेस तर चौघंही बाहेर. एकत्र आहेत म्हणून एक तरी आत आहे.”

“पण नाना, जो आत आहे तो माणूस झालाच नाही कधी.”

नानांनी कार्डं परत एकत्र जुळवली. शेवटी त्यांनी सांगितलं की पहिला खंड आहे तसाच जाईल, पण दुसऱ्या खंडाच्या शेवटी शुद्धिपत्र असतं, त्यात चौघांनाही जागा देईन. समितीला मी बघून घेईन. नानांनी आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता. विशाखानं भालखेड्याला पत्र टाकलं, दुसऱ्या खंडात दुरुस्ती येईल म्हणून. पत्र मास्तर वाचून दाखवणार, हे तिला माहीत होतं. म्हणून तिनं त्यात धाकले, वय सदतीस, असं दोनदा लिहिलं.

दिवाळीत पहिला खंड निघाला. तीनशे प्रती. दुसरा निघालाच नाही. एक्क्याण्णवच्या थंडीत नानांना अर्धांगवायू झाला, ते वाचा गेलेल्या अवस्थेत वर्षभर जगले आणि वारले. माडी मालकानं परत घेतली. कार्डं पोत्यांत भरून कुणाच्या तरी मळ्यातल्या खोलीत गेली, आणि कपाटं विकली गेली ती पितळी पाट्यांसकट.

विशाखा तोवर जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली होती. कोशाची प्रत कुठल्याही वाचनालयात दिसली की तिचा हात ‘त’पाशी जायचा. पान चारशे बारा. तिथं तो गृहस्थ असायचाच, जन्म १८९८, मृत्यू १९८३, चौसष्ट वर्षांत एक दिवस न चुकलेला. कुणी त्याच्यावर लेख लिहिला होता, कुणी शेतकी मेळाव्यात त्याचं उदाहरण दिलं होतं. शेवटी तिनं शाळेच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर एक चिठ्ठी काढली.

‘पृ. ४१२ वरील नोंद एका व्यक्तीची नाही. तोताराम भिका पाटील (मोठे), १८९८–१९४५. भिका तोताराम पाटील, नोंदी १९४५–१९६०. तोताराम भिका पाटील (धाकले), १९४६–१९८३. वच्छलाबाई तोताराम पाटील, नोंदी १९८३ पासून.’

पर्समध्ये चिठ्ठ्या आणि डिंकाची बाटली घेऊन ती हिंडू लागली. लग्नाला, कुणाच्या दहाव्याला, परीक्षेच्या कामाला जिथं जाईल तिथलं वाचनालय गाठायचं आणि ग्रंथपालाची परवानगी घेऊन चिठ्ठी चिकटवायची. जळगावात दोन झाल्या. जामनेर, एरंडोल झालं. पिंपळनेरच्या ग्रंथपालानं आधी तिचं ओळखपत्र मागितलं, चिठ्ठी नीट वाचली, मग स्वतःच पान दाबून धरलं. तीन वर्षांत अकरा प्रती झाल्या. उरलेल्या कुठं होत्या, ते सांगणारं कुणी राहिलं नव्हतं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात ती भालखेड्याला गेली. दुसऱ्या खंडाचं काय झालं ते तिनं एवढी वर्षं तोंडानं सांगितलं नव्हतं, आणि ते आता सांगायलाच हवं होतं. वच्छलाबाईंच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. एकुलती लेक, ताईबाई, जामनेरला दिली होती. भालखेड्याच्या घरात पुढचा भिका झाला नव्हता. नववी वही कोनाड्यात होती. सातवी, आठवी रेघांनी भरली होती.

विशाखानं सगळं सांगितलं. मग पर्समधून चिठ्ठी काढून वाचून दाखवली. तिसऱ्या नावावर वच्छलाबाईंनी हातानंच थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. तोताराम भिका पाटील, धाकले. विशाखानं ती ओळ तीनदा वाचली. वच्छलाबाईंचे ओठ हलत नव्हते, पण मान प्रत्येक शब्दाला किंचित खाली जात होती. ज्या नावापुढे त्यांनी उभा जन्म तोंड मिटलं होतं, ते असं कुणी सावकाश, एकट्या त्यांच्यासाठी, मोठ्यानं म्हटलेलं त्यांनी किती वर्षांनी ऐकलं असेल, कोण जाणे.

“कितला पुस्तकास्मा लायी ही चिठ्ठी?” त्यांनी विचारलं.

“अकरा.”

“आनि पुस्तकं कितला शेत?”

“तीनशे.”

वच्छलाबाईंनी मनात काहीतरी ताडून बघितलं. अंगणात नळकांड्यावर पागोळीचं पाणी पडू नये म्हणून त्यांनी ते उंबऱ्यापासून लांब, उघड्यावर सरकवून ठेवलं होतं. त्यांची नजर तिकडे होती.

“मंग बाकीना पुस्तकास्मा त्या अजून पंच्याऐंशी वरीसनाच शेतस.”

विशाखा म्हणाली, अक्का, मी शोधतेय, सापडेल तशी लावते. आणखी सात-आठ ठिकाणं माझ्या माहितीत आहेत. ती आणखीही काही बोलली असती, पण वच्छलाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे, पोरी,” त्या म्हणाल्या. “तठे तरी जगू दे त्यास्ले.”

मग त्या उठल्या. सकाळची वेळ टळत चालली होती. अंगणात जाऊन त्यांनी पट्टी बुडवली, ओलीपाशी अंगठ्याचं नख दाबलं, आणि पट्टी आडवी धरून, पाणी ओघळू न देता, आत घेऊन आल्या. विशाखानं नववी वही उघडून धरली.